धाप लागते ती गर्भारपणामुळेच कशावरून?

वीर आणि आसपासच्या वाड्यांतून गर्भार सुनेला धाप लागली की घरची वडीलधारी माणसे म्हणतात, दिवस भरत आले, धाप लागायचीच. दवाखान्यातूनही पुष्कळदा रक्तवाढीच्या गोळ्या देऊन बोळवण होते. बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही असते. परंतु जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, डोक्यावर हंडा चढत नाही, वेणी घालताना हात गळून येतात, पापण्यांवर जांभळट सूज आणि बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे दिसतात, वर कोरडा खोकला. हा नुसता अशक्तपणा नव्हे. रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते, तो मायोसायटिस असू शकतो. 'दंगल' चित्रपटातील छोटी बबिता, सुहानी भटनागर, याच जातीच्या आजाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये गेली. वय अवघे १९!

हा आजार फुप्फुसात शिरला की आईचा प्राणवायू घटतो, पर्यायाने बाळाचाही. म्हणून सीपीके ही रक्ततपासणी करून घ्यावी. बोटाला लावायच्या यंत्रावर ९५ च्या खाली आकडा आला तर थांबू नये. पोटातल्या बाळाच्या भीतीने छातीचा सीटी स्कॅन टाळला जातो. वास्तविक त्यातून गर्भापर्यंत पोहोचणारे किरण अत्यल्प असतात.

सर्वांत घातक म्हणजे 'बाळाला बाधेल' म्हणून घरच्यांनी सगळीच औषधे बंद करणे. प्रेडनिसोलोन, अ‍ॅझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गरोदरपणातही चालतात. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफिनोलेट मात्र दिवस राहण्याच्या पुरेसे आधी थांबवून दुसरे औषध सुरू करावे लागते. आजार निदान सहा महिने शांत असावा, मगच मुलाचा विचार. स्टिरॉईड एकाएकी सोडले तर जिवावर बेतते.

आम्ही वकील, डॉक्टर नव्हे. पण ही बाई उपचारापर्यंत पोहोचणार कशी, हा प्रश्न आमचाच आहे. १९९३ साली कोकण रेल्वे पहिल्यांदा रोह्याहून आमच्या वीरपर्यंत आली. तरी जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि या आजाराचा स्वतंत्र विभाग असलेले केईएम परळला! गाडीभाडे, बुडालेली मजुरी, सोबतीचा माणूस, हा हिशेब कोण मांडणार? प्रसूतीचा भार सरकारने उचलावा, ही भूमिका बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात मांडली होती. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात गर्भवतीला तपासण्या, औषधे, रक्त, सिझेरियन आणि मोठ्या रुग्णालयात नेण्याचे वाहन मोफत आहे. ते मागावे, आणि नकार मिळाला तर लेखी मागावा. लेखी म्हटले की पुष्कळांचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव.

आणखी एक. आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपाताची परवानगी कायदा देतो आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरेशी आहे. नवऱ्याची किंवा सासूची सही कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. मूल ठेवायचे की नाही, हे तिला नीट समजावून तिलाच विचारावे लागते.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी असते. धाप आणि हातापायांतली कमजोरी, दोन्ही एकत्र सांगा.