मागे राहिलेल्या कपड्यांचं दुकान

आम्ही दोघी जावा-जावा. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, पण बरीच वर्षं झाली, राहायला इंग्लंडमध्ये आहोत. थोरली तिथल्या एका दुकानाची मॅनेजर आहे आणि धाकटी आठवड्यातून दोन दिवस त्याच दुकानात बिनपगारी काम करते. घरी फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांब जाऊन मेल्या माणसांचे कपडे विकता होय?" त्यांचं अगदीच चुकलं नव्हतं. म्हणून आज नीट सांगतो.

आमचं दुकान एका हॉस्पिसचं आहे. ज्या आजारातून आता बरं होणं नाही, अशा माणसाच्या शेवटच्या दिवसांत त्याचं दुखणं कमी करायचं, अंग पुसायचं, त्याच्याशी बोलायचं, घरच्यांनाही धीर द्यायचा, हे हॉस्पिसचं काम. सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं आणि तिथून आजच्या पद्धतीची ही चळवळ पसरली. बाई आधी नर्स होत्या, दुखण्याकडे कुणी नीट बघत नाही म्हणून पुढे डॉक्टर झाल्या. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हेच काम करतं.

हॉस्पिसमध्ये रुग्णाकडून एक पैसाही घेत नाहीत. इंग्लंडमध्ये सरकार खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा देतं, बाकीचा संस्थेनं उभा करायचा. त्यासाठीच ही दुकानं. लोक घरातल्या वापरलेल्या वस्तू फुकट आणून देतात, आम्ही त्या विकतो आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे हॉस्पिसला जातात.

आपल्या गावात भांडेवाली येते. तीन-चार जुन्या साड्या दिल्या की एक डबा पदरात पडतो, तोही घासाघीस करून. तिची नजर तुम्ही पाहिली असेल. साडी उजेडात धरते, काठ बघते, जर चोळते. मॅनेजरचं पहिलं काम तेच. सकाळी मागच्या खोलीत पिशव्यांचा ढीग असतो. एकेक कपडा बघायचा, बटण आहे का, काखेत डाग आहे का, चेन चालते का. खिसे तर तपासायचेच. चष्मा, दातांची कवळी, अंगठी, काय काय निघतं. चांगला कपडा वाफेनं इस्त्री करून हँगरला लावायचा. विजेच्या वस्तूची तपासणी झाल्याशिवाय ती विकता येत नाही. सोफ्यावर आगीबाबतच्या सुरक्षेची चिठ्ठी नसेल, तर सोफा कितीही सुंदर असो, परत पाठवायचा. देणारा रागावतो. "फुकट देतोय तरी नको?" पण तो टाकून द्यायलाही आम्हालाच पैसे पडतात.

मग किंमत. एक पौंड म्हणजे आपले शंभराहून जास्त रुपये. चांगला कोट चार पौंडाला लावला, तर व्यापारी येऊन उचलतो आणि दुप्पट-तिप्पट दरानं विकतो. पंधराला लावला, तर शाळेत जाणाऱ्या पोराची आई हात लावून ठेवून देते. दोघांच्या मधली किंमत काढायची, आणि ती रोज चुकते.

हिशेबाची एक गंमत मात्र तुमच्या गटातल्या सचिवबाईला आवडेल. देणारा तिकडचा आयकर भरत असेल आणि त्यानं अर्ज भरून दिला असेल, तर आम्ही त्याची वस्तू त्याच्या वतीनं विकतो आणि आलेले पैसे तो संस्थेला देतो. अशा प्रत्येक पौंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. कोट आठ पौंडाला गेला, तर वर दोन पौंड. त्यासाठी प्रत्येक वस्तूवर त्या माणसाच्या नंबरची चिठ्ठी हवी आणि किती पैसे आले ते त्याला कळवावं लागतं. चिठ्ठी दुसऱ्याच कपड्याला लागली की हिशेब खोटा. म्हणून हे काम घाईच्या माणसाला देत नाही.

काम करणारे बहुतेक बिनपगारी. निवृत्त बायका, शाळकरी पोरं, नोकरी शोधणारे. काहींचं माणूस याच हॉस्पिसमध्ये गेलेलं असतं. पगार नसलेल्या माणसावर हुकूम चालत नाही, हे बचत गट चालवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. उद्या आलीच नाही तर? चहा विचारावा लागतो, गुडघ्याचं दुखणं ऐकावं लागतं, मग हळूच सांगावं लागतं की बाई, काल गल्ला मोजताना दोघी हव्या होत्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून टोचते. एक गृहस्थ बायकोचे कपडे घेऊन आले. पाच पिशव्या, सगळ्या घड्या घातलेल्या. आम्ही त्याच दुपारी निवडानिवड केली. आठवड्यानं ते परत आले. काही विकत घ्यायला नाही, मांडणीवर तिचं काय दिसतंय ते बघायला. म्हणाले, "निळा स्वेटर कुठाय?" त्या स्वेटरचे कोपर फाटले होते. आम्ही तो चिंध्यांच्या पोत्यात टाकला होता आणि पोती उचलणारी गाडी आदल्या दिवशीच येऊन गेली होती.

न विकला जाणारा कपडा असा किलोवर व्यापाऱ्याला जातो. त्यातला बराच माल परदेशी रवाना होतो. जुनी लोकर हरियाणातल्या पानिपतलाही येते. तिथे ती रंगांप्रमाणे वेगळी करतात, फाडून पिंजतात, पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त घोंगडी-ब्लँकेटं होतात. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, पण त्या गृहस्थांना काय सांगणार? धाकटीनं त्यांना खुर्ची दिली. ते अर्धा तास बसले आणि गेले.

तेव्हापासून मागच्या खोलीत आम्ही एक फळी मोकळी ठेवली आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर पिशवीला तारखेची चिठ्ठी लावून ती पंधरा दिवस उघडायची नाही. आमच्या वरचे साहेब म्हणाले, एवढ्या जागेत किती माल बसला असता. खरं आहे, बसला असता. आठवड्याच्या विक्रीचं लक्ष्य आम्हालाही असतं, आणि ते चुकलं तर हॉस्पिसलाच कमी पडतं. थोरलीनं त्यांचं ऐकून घेतलं आणि फळी तशीच ठेवली. गेल्या महिन्यात एक मुलगी दहाव्या दिवशी आली आणि पिशवीतून आईची ओढणी तेवढी काढून घेऊन गेली. बाकीचं "विका" म्हणाली.