वेल्डिंगआधी धातूची ओळख

प्रवरेकाठच्या दायमाबादला (तालुका श्रीरामपूर) १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार भरीव ओतीव मूर्ती सापडल्या. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. आपण त्यांना सर्रास कांस्यमूर्ती म्हणतो. पण पुरातत्त्वशास्त्रज्ञ डी. पी. अग्रवाल यांच्या तपासणीत त्यांत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले, आणि त्याच आधारावर त्यांनी मूर्तींच्या प्राचीनतेवरच शंका घेतली. एस. आर. राव, म. के. ढवळीकर आदी पुरातत्त्वज्ञांनी मात्र त्या उत्तर-हडप्पाकालीन मानल्या. त्याच नदीच्या वरच्या अंगाला, जोर्वे येथे मिळालेल्या तांब्याच्या एका कुऱ्हाडीत दोन टक्क्यांहून कमी का होईना, पण कथील आहे. नदी एक, रंगही जवळपास एक, पण पोटातला मसाला वेगळा. काळाचा वाद पुरातत्त्वज्ञ मिटवतील. रंगावरून धातू ओळखता येत नाही, एवढे मात्र त्यातून पक्के ठरते.

मूर्ती काचेआड बसते, तिच्यावर भार कुठे येतो, असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच जिथे भार येतो तिथे ही ओळख जास्त महत्त्वाची. शिडाच्या बऱ्याच नौकांना इंजिनही असते. तळाखाली त्याच्या पंख्याचा शाफ्ट धरून ठेवणारा जो कंस असतो, तो तुटला की मालक तुकडे घेऊन थेट वेल्डरकडे जातो. हा कंस बहुधा ‘मँगेनीज ब्राँझ’ नावाने विकला जातो. प्रत्यक्षात ते पितळ असते, सुमारे चाळीस टक्के जस्ताचे. समुद्राचे पाणी त्यातले जस्त हळूहळू खाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच, ताकद गेलेली. तुटलेल्या तोंडावर पिवळ्याऐवजी गुलाबी छटा दिसली तर रोग आतवर पोचलाय असे समजावे. अशा धातूवर कितीही सुबक टाका घातला तरी तो टाक्याशेजारी तुटणार. शिवाय जस्त ९०७ अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे वेल्डिंगच्या आचेत ते पांढऱ्या धुराच्या रूपाने उडते. सांधा सच्छिद्र होतो आणि तो धूर श्वासावाटे घेणाऱ्याला तापही येतो.

मग पितळी कांडीने झाळावे का? सर्वसाधारण कांडीही साठ-चाळीस पितळाचीच, म्हणजे तोच रोग पुन्हा. चांदीयुक्त झाळण गंजाला बरे टिकते, पण शाफ्टच्या थरथरीने कंस सतत वाकत-सुटत असतो, आणि एवढ्याशा सांध्यावर तो भार टाकणे मला धोक्याचे वाटते. कणभर आर्सेनिक मिसळले की पितळातले जस्त टिकते, हेही खरे. दायमाबादच्या मूर्तींत ज्याने एवढा घोळ घातला तेच हे आर्सेनिक. पण ही मात्रा कमी जस्ताच्या पितळाला लागू पडते. चाळीस टक्क्यांच्या पितळात जस्ताने भरलेले दुसऱ्या जातीचे स्फटिक असतात, त्यांना ती वाचवत नाही. धातू खरोखर तांबे-कथिलाचा आणि आतून निरोगी निघाला, तर जाणत्या हाताचे वेल्डिंग चालते. एरवी नवा कंस ओतावा. खर्चाची तक्रार येईल, पण भर समुद्रात शाफ्ट निसटला तर त्याच्या सीलमधून पाणी आत येते. जुने तुकडे जुळवून त्यांचाच साचा करता येतो; फक्त थंड होताना धातू दीड-दोन टक्के आक्रसतो, म्हणून तुकड्यांवर आधी मेणाचा थर चढवावा, आणि शाफ्टचे भोक ओतताना लहान ठेवून नंतर लेथवर मापात आणावे.