शेजारच्या 47 गावांची साक्ष

एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, शेजारी मण्यांची ओळ. बाळाचे दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणीच्या हाती गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने दिलेलं हे साधन मला अजूनही थक्क करतं.

‘सर्च’च्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा पुढचा प्रश्न याहून अवघड होता. गावातल्या बाईला शिकवून घरातलं नवजात बाळ वाचेल का? आणि वाचलं, तर ते शिकवण्यामुळेच, हे ठरवायचं कसं? मृत्यू काय, बऱ्या पिकापाण्यानेही कमी होतात, नव्या रस्त्यानेही.

म्हणून 1993 पासून 39 गावं प्रयोगासाठी आणि 47 तुलनेसाठी धरून दोन्हीकडे जन्म-मृत्यू मोजले गेले. मग प्रयोगाच्या गावांतल्या पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. त्यांचं पहिलं वर्ष मुख्यतः पाहण्यात गेलं. घरोघरी जायचं, बाळ तपासायचं, लिहायचं. जवळपास निम्मी बाळं धोक्यात होती. डॉक्टरांनी पाहिलेली शंभरात तीनही नव्हती. मग त्या शिकल्या बाळाला ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, न रडलेल्या बाळाचा श्वास सुरू करणं, आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. पाचवी-दहावी शिकलेल्या बाईच्या हाती तान्ह्या बाळाची सुई! केवढा हा विश्वास. जंतुसंसर्गाने आजारी बाळांपैकी आधी शंभरात सोळा-सतरा दगावत, नंतर तीनही नाहीत.

आरोग्यदूतांच्या कामाच्या तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25.5 वर आला. पण माझी नजर खिळते ती शेजारच्या 47 गावांवर. तिथे 58 होता, तो 60च्या आसपासच राहिला. पाऊस तोच, जंगल तेच, काळ तोच. या न हललेल्या आकड्यामुळेच 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा प्रयोग पुरावा म्हणून छापला गेला. तिथल्या आयांचं दुःखही त्याच आकड्यात आहे, हे मला विसरता येत नाही.

2011 पासून देशभर आशाताई अशाच घरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या. बाळाइतक्याच काळजीने या आशाताईच्या कामाचंही मोजमाप व्हायला हवं होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी, त्यासाठी ठरलेला मोबदला 250 रुपये, आणि कागदावर पद ‘स्वयंसेविका’.