मुळशीच्या पाण्यावर गळ आणि वल्हे

पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत मुळशीचा जलाशय पसरला आहे. सकाळी वारा पडलेला असतो. कयाक वल्हवायची तर हीच वेळ. दुपारी घाटाकडून वारा सुटला की उघड्या पाण्यावर लाटा उठतात, मग नवख्याने काठ सोडू नये.

गळ टाकणाऱ्यांचे इथले स्वप्न म्हणजे महासीर. मोठ्या खवल्यांचा हा झुंजार मासा दख्खनच्या नद्यांतला. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. तो तलावात वाढतो, पण अंडी घालायला त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. धरणांनी आणि सुरुंगाच्या मासेमारीने त्याचा वंश धोक्यात आला, तेव्हा 1970च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. तिथली पिल्ले देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. हे काम मोलाचे आहे, आणि म्हणूनच महासीर गळाला लागला तर ओल्या हातांनी धरून लगेच पाण्यात सोडणे, हीच खरी शिकार.

या शांत पाण्याखाली मावळातली गावे आहेत. 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी इथे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. इथले पाणी आजही घाटाखाली भिऱ्याला वीज निर्माण करते.

जलाशय टाटा कंपनीच्या ताब्यात आहे. गळ किंवा होडी घेऊन निघण्याआधी परवानगीची चौकशी करा, आणि पाण्यावर जीवरक्षक जाकीट अंगातून काढू नका.