वाटून घेतलेली नदी

महाराष्ट्रात ‘दक्षिण काशी’ म्हणवून घेणारी गावे एकापेक्षा अधिक आहेत. पैठणला हे बिरुद लावतात, कोल्हापूरला लावतात आणि कृष्णाकाठच्या वाईलाही लावतात. एकच पदवी इतक्यांना मिळते तेव्हा ती भाविकाच्या मनातला भाव सांगते, गावाचा स्वभाव सांगत नाही. वाईचे वेगळेपण शोधायचे तर काशीशी असलेले साम्य बाजूला ठेवून तिच्या घाटांकडे आणि आळ्यांकडे पाहावे लागते. महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेली कृष्णा वाईला पोहोचते तेव्हा ती अजून लहान नदी असते. इथून पुढे आंध्रच्या समुद्रापर्यंत तिच्या काठी वाईहून मोठी आणि श्रीमंत अशी कितीतरी गावे आहेत. मग उत्सव, विद्या आणि ग्रंथनिर्मिती यांचा इतका दाट वारसा या छोट्या गावात कसा साठला? नदीचे पावित्र्य आणि सरदारांचा पैसा ही दोन उत्तरे नेहमी दिली जातात. दोन्ही खरी आहेत, पण अपुरी आहेत. वाईने आपली नदी वाटून घेतली, प्रत्येक वाट्याला धनी नेमला आणि मोठे काम वाट्यावाट्याने पुढे नेण्याची सवय पिढ्यान् पिढ्या जपली. तिचा खरा स्वभाव या सवयीत आहे.

गाव जुनेच. जवळच्या लोहारे येथील बौद्ध लेणी या खोऱ्यातल्या प्राचीन वर्दळीची साक्ष देतात. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटा आणि पाण्याची सोय यामुळे राज्यकर्त्यांनाही हा मुलूख महत्त्वाचा वाटे. 1659 साली प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान विजापूरकरांचा वाईचा सुभेदार होता. आज डोळ्यांत भरणारी वाई मात्र अठराव्या शतकातली, रास्ते या सरदार घराण्याच्या काळातली आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी आणि थोरल्या माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. पेशव्यांशी जुळलेल्या या सोयरिकीतून रास्त्यांचे वैभव वाढले आणि ते वाईच्या काठावर दगडात उतरले. काशीविश्वेश्वराचे देऊळ 1757 चे, महागणपतीचे 1762 चे. लोक ज्याला प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतात, त्या महागणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ती सपाट नाही. माशाच्या पाठीसारखी निमुळती करून तिचे टोक प्रवाहाच्या दिशेला वळवले आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आदळून दोन बाजूंना फाकतो आणि गाभारा उभा राहतो. नदीला देवी मानणाऱ्या माणसांना तिचा संतापही ठाऊक होता. त्यांनी तिला नमस्कार केला आणि भिंतही विचारपूर्वक बांधली.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हे सारे रास्त्यांच्या पदरचे, त्यात गावाचे काय? देवळे आणि चिरेबंदी घाट पैशाने उभे राहिले, हे कबूल. पण पेशवाई 1818 साली बुडाली आणि तो आश्रय आटला. घाट नुसते दानावर जगले असते तर त्यानंतर ओस पडायला हवे होते. तसे झाले नाही, याचे कारण कृष्णाबाईच्या, म्हणजे देवी मानलेल्या नदीच्या, उत्सवात सापडते. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे काठाचे सात भाग. प्रत्येकाचा घाट वेगळा, कृष्णाबाई वेगळी, उत्सवाचे दिवसही वेगळे. माघात सुरुवात होते आणि एका घाटाचा उत्सव आटोपला की पुढच्या घाटावर मांडव पडतो. अफजलखानाचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाल्याची परंपरा सांगितली जाते. ती कथा बाजूला ठेवली तरी मांडणी बोलकी आहे. साऱ्या गावाचा एकच उत्सव असता तर तो एखाद्या धनिकाच्या किंवा समितीच्या हाती गेला असता आणि ते हात थकताच मंदावला असता. इथे कीर्तन, पालखी, प्रसाद, वर्गणी हे सगळे आळीवर येते. शेजारच्या आळीचा उत्सव नेटका झाला तर आपला उणा पडू नये, ही ओढ असते. नदी एक राहिली, तिची उस्तवार सातांनी वाटून घेतली.

हीच रीत विसाव्या शतकात विद्येच्या क्षेत्रात दिसते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी 1916 साली प्राज्ञपाठशाळा स्थापन केली. तरुण विनोबा भावे आश्रमातून रजा घेऊन वेदान्त शिकायला त्यांच्याकडेच वाईला आले होते. या पाठशाळेने हाती घेतलेला धर्मकोश म्हणजे प्रचंड धर्मशास्त्रीय वाङ्मयाची विषयवार वाटणी. एकेका विषयावरची वचने वेगवेगळ्या ग्रंथांतून वेचायची, कालक्रमाने लावायची आणि खंडाखंडाने छापायची. पहिला खंड 1937 साली निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच परंपरेत घडले. राज्यस्थापनेनंतर 1960 साली साहित्य आणि संस्कृती मंडळाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा मराठी विश्वकोशाचे कामही मुंबई-पुण्याकडे न जाता वाईत रुजले. 1976 साली पहिला खंड आला. पुढे विसाव्या खंडापर्यंतची मजल गाठायला जवळजवळ चार दशके लागली आणि लक्ष्मणशास्त्री 1994 सालीच गेले होते. सुरू करणारा माणूस शेवट पाहणार नाही, हे जाणून नोंदीमागून नोंद लिहीत राहणाऱ्यांचे हे काम. विश्वकोशाचे कार्यालय गंगापुरीत, म्हणजे घाटांच्याच एका आळीत असावे, हे मला अर्थपूर्ण वाटते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही वाटणी कोणाकोणात झाली? घाटांवरची वस्ती प्रामुख्याने ब्राह्मणांची होती, शास्त्राध्ययनही त्यांचेच, आणि ज्यांना पाणवठ्यावर पाय ठेवू दिला जात नव्हता त्यांना या वाटणीत वाटा नव्हता. हा आक्षेप झटकता येत नाही आणि झटकू नये. दोन गोष्टी मात्र त्याच्या शेजारी मांडल्या पाहिजेत. एक म्हणजे याच पाठशाळेतून त्या व्यवस्थेवर शास्त्राधारे घाव घालणारी माणसे निघाली. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे मांडण्यात लक्ष्मणशास्त्री गांधीजींच्या पाठीशी उभे राहिले आणि 1933 साली गांधीजींचे पुत्र देवदास व लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच पुण्यात लावला. दुसरी गोष्ट, वाटून घेण्याची रीत घाटांपुरती नव्हती. शेजारच्या बावधनला रंगपंचमीला निघणारे बगाड कृष्णाकाठाहून गावाकडे ओढत नेतात. एका बैलजोडीला न पेलणारे ते ओझे शिवाराशिवाराला बैल बदलत पुढे जाते. भुईंजचा किसन वीर साखर कारखाना उभा राहिला तोही सभासदांच्या भागांवर. अन्याय वाटणीच्या रीतीत नव्हता, वाटेकरी कोण हे जन्मावर ठरवण्यात होता. म्हणून रीत ठेवून वाटेकरी वाढवणे, हाच त्यावरचा न्याय्य उपाय.

तिसरा आक्षेप आजचा आहे. वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण झाले. साडेतेरा टीएमसीच्या त्या साठ्याने खालच्या तालुक्यांची शेती भिजवली, पण घाटाशी किती पाणी असावे हा निर्णय आळीच्या हातून कायमचा गेला. सांडपाणी आणि जलपर्णीचे दुखणेही आहेच. ‘गंगाजल’ चित्रपटाने वाईला बिहार केले, ‘स्वदेस’ने शेजारच्या मेणवलीला उत्तर प्रदेशातले गाव केले, घाटाची ओळख चित्रीकरणाची जागा एवढीच उरण्याचा धोका खरा आहे. पण यातून जुनी रीत कालबाह्य ठरत नाही. धरणाचे वेळापत्रक शासनाने ठरवले तरी घाटाच्या पायरीवर पडलेला कचरा उचलायला जलसंपदा खाते येणार नाही. तिथे आळीच लागते.

हा विचार वाईपुरता ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून पुण्याच्या धायरीकडे येतो. मुठा नदीच्या दक्षिणेला, सिंहगडाच्या वाटेवरचे हे गाव. धारेश्वराचे देऊळ हे त्याचे जुने केंद्र. खडकवासल्याचा कालवा याच पट्ट्यातून पुण्याकडे जातो आणि 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर मुठेने काय केले हे पुणे विसरलेले नाही. धायरीची वाढ मात्र नदीकडे तोंड करून झाली नाही, रस्त्याकडे तोंड करून झाली. महापालिकेबाहेर उरलेली धायरी 2017 साली पुणे महापालिकेत आली; तोवर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि नळ, टँकर, विंधनविहीर अशा तुकड्यांतून पाणी येत होते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन-बॅरे आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय दूषित पाण्याकडे गेला, तेव्हा आपल्या घरातले पाणी नेमके कुठून येते हा प्रश्न अनेक घरांत प्रथमच विचारला गेला. शुद्धीकरणाची जबाबदारी महापालिकेचीच आहे, ती सोसायट्यांवर ढकलता येणार नाही. पण आपल्या हद्दीतली विहीर, ओढ्याचा आपल्यासमोरचा तुकडा, आपली टाकी यांना नावाने धनी असेल तर पालिकेला जाब विचारणाराही असेल. धायरीला वाईसारखे घाट नाहीत आणि आता बांधून ते येणारही नाहीत. ओढा मात्र आहे, आणि त्याच्या काठी सोसायट्या आहेत. वाईत सात आळ्यांनी जे केले ते करायला एवढे पुरेसे आहे.