नो सिग्नल, आजी आणि चौरंग

लॅपटॉप आहे, प्रोजेक्टर आहे, केबलही आहे... मग भिंतीवर चित्र का नाही? घरगुती ‘बिग स्क्रीन’च्या नादात आमची जी काही तारांबळ उडाली, तिची ही गोष्ट. तुमच्यावर ही वेळ येणारच आहे, तेव्हा आधीच वाचून ठेवा!

निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते. नो सिग्नल.

समोर सव्वाशे माणसं. पहिल्या रांगेत मधोमध नवी कोरी पैठणी आणि खांद्यावर शाल घेतलेली माझी आजी. शेजारी आत्या, तिच्या शेजारी गुरुजी. आणि स्टेजच्या खाली, टेबलाशी गुडघ्यावर बसलेली मी! हातात एचडीएमआयची केबल, कपाळावर घाम, आणि मागून काकाचा आवाज, ‘अगं, बंद करून चालू करून बघ ना.’

हा सल्ला देणारा एक काका प्रत्येक खानदानात असतोच.

तर झालं असं, की नोव्हेंबर २०२४ मध्ये साताऱ्याला आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. होम, औक्षण, जेवण हे सगळं मोठ्यांनी ठरवलं. आम्हा नातवंडांकडे ‘काहीतरी मॉडर्न’ असं खातं आलं. मास कॉममध्ये मी दोन वर्षं घालवलीत, त्यामुळे स्लाइड शो कुणी करायचा यावर मतदान झालंच नाही. ट्रंकेतले चौऱ्याऐंशी फोटो मी पुण्याला आणले, स्कॅन केले, धूळ-ओरखडे काढले, नऊ मिनिटांचा शो बनवला. घरच्या टीव्हीवर एकदम मस्त दिसला. मी खूश.

पण खरं कारण शेवटच्या फोटोत होतं. १९६३ साली लग्नानंतर आजी-आजोबांनी साताऱ्यातल्या एका स्टुडिओत काढलेला फोटो. दोघांचा एकत्र असा तेवढा एकच. आकार जेमतेम काडेपेटीएवढा. मोठी कॉपी कधी काढलीच नाही, आणि मूळ निगेटिव्ह स्टुडिओबरोबरच गेली. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याच्या पडद्याचा त्रास आहे. गेली कित्येक वर्षं ती तो फोटो हातात घेते, पुसते आणि परत ठेवते. दिसत काहीच नाही. तिनेच मला सांगितलं होतं, ‘नुसता पांढरा ठिपका दिसतो गं. हे कुठले आणि मी कुठली, ते मनानंच ठरवायचं.’

काडेपेटीएवढा फोटो आठ फूट रुंद पडद्यावर. मला तेवढंच करायचं होतं. आणि भिंतीवर नो सिग्नल.

आता शांतपणे सांगते, काय चुकलं होतं ते. हॉलमध्ये छताला एक प्रोजेक्टर लटकलेला होता, पण त्याची केबल व्हीजीए. म्हणजे पंधरा टोचण्यांची, निळ्या डोक्याची, दोन बाजूंना स्क्रू असलेली. आयबीएमने हा प्रकार १९८७ मध्ये आणला. माझ्या जन्माच्याही आधी! हल्लीच्या स्लिम लॅपटॉपना ते भोकच नसतं. आम्हाला हे आदल्या दिवशी कळलं, म्हणून दादाने धावपळ करून एचडीएमआयवाला प्रोजेक्टर आणि आठ फुटी स्टँडचा पडदा भाड्याने आणला. माझ्याकडे टाइप-सी टू एचडीएमआय कनेक्टर होताच. झालं की मग!

नाही झालं. माझ्या लॅपटॉपला टाइप-सीची दोन भोकं आहेत, दिसायला जुळी. पण चित्र फक्त एकातूनच बाहेर जातं. दुसरं चार्जिंगला आणि पेन ड्राइव्हला. टाइप-सी हा नुसता भोकाचा आकार आहे, आत काय वाहतं ते कंपनीच्या मर्जीवर. भोकाशेजारी डिस्प्लेपोर्टची ‘डी’सारखी खूण किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र जाणार. काहीच नसेल तर मॉडेलचं नाव टाकून आधी माहिती बघून घ्या, नाहीतर माझ्यासारखे घाम पुसत बसाल. घरी मी नेमकी उजवी बाजू वापरली होती. हॉलमध्ये चार्जर उजवीकडून येत होता म्हणून कनेक्टर डावीकडे खोचला. एवढंच.

बाजू बदलली. तरी निळंच! मग प्रोजेक्टरवरचं सोर्सचं बटण दाबून एचडीएमआय निवडलं, आणि लॅपटॉपवर विंडोजचं बटण धरून पी. त्यातून चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे जे तुमच्या स्क्रीनवर तेच पडद्यावर. ‘एक्स्टेंड’ म्हणजे पडदा हा दुसरा, वेगळा स्क्रीन. नवख्यांनी डुप्लिकेटच घ्यावं. पण एक धोका आहे. मी डुप्लिकेट केलं आणि पडद्यावर पहिली गोष्ट काय उमटली, तर आमच्या फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘जेवणात मठ्ठा आहे का?’ सव्वाशे माणसांनी वाचला. तेव्हा व्हॉट्सअॅप बंद, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपायची वेळ ‘नेव्हर’ आणि चार्जर लावलेला. हे सगळं आधी. (मॅच किंवा सिनेमा दाखवणार असाल तर अजून एक. ओटीटीवाले कॉपी होऊ नये म्हणून चित्राला कुलूप घालतात. साखळीतला एखादा स्वस्त कनेक्टर ते कुलूप ओळखत नसेल तर आवाज येतो, चित्र काळं. फायनलच्या दिवशी हे कळू नये.)

चित्र आलं. टाळ्या. मी मान वर केली आणि बघते तर काय, चित्र सुपासारखं! वर रुंद, खाली निमुळतं.

कारण साधं आहे. प्रोजेक्टर बुटक्या टेबलावर होता आणि मी त्याचे पुढचे पाय उंच करून त्याला पडद्याकडे वर बघायला लावलं होतं. वरच्या कडेपर्यंत प्रकाशाला जास्त लांब जावं लागतं, म्हणून तो तिथे जास्त पसरतो. यावर रिमोटवर ‘कीस्टोन’ नावाचं बटण असतं, आणि दहापैकी नऊ जण तेच दाबतात. दादानेही दाबलं. चित्र चौकोनी झालं खरं, पण अक्षरं पुसट झाली. कीस्टोनचा फंडा असा, की तो लेन्सला काहीच करत नाही. तो चित्रच आतल्या आत आवळतो, म्हणजे तुमच्या हक्काचे थोडे पिक्सेल वाया. आधीच आमचा प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८ चा, त्यातले अजून गेले तर उरलं काय?

इथे थोडं विषयांतर. या डब्याच्या आत नक्की काय असतं माहितेय? आरसे! डीएलपी जातीच्या प्रोजेक्टरमध्ये नखाएवढ्या चिपवर प्रत्येक पिक्सेलसाठी एक आरसा असतो. आमच्या त्या भाड्याच्या डब्यात ७ लाख ८६ हजार ४३२ आरसे सेकंदाला हजारो वेळा डुलत होते. ही चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये केली (तेच व्हीजीएचं साल, बघा), आणि २०१५ मध्ये त्यांना त्यासाठी ऑस्करची बाहुली मिळाली. शास्त्रज्ञाला ऑस्कर! मला हे वाचल्यापासून प्रोजेक्टरबद्दल जाम आदर आहे.

असो. चित्र सरळ करायचा खरा उपाय म्हणजे डबाच सरळ ठेवणं. साध्या टेबलटॉप प्रोजेक्टरची लेन्स साधारण चित्राच्या खालच्या कडेच्या उंचीला हवी, पडद्याच्या बरोबर मधोमध आणि काटकोनात. आम्हाला दीड फूट उंची कमी पडत होती. इकडेतिकडे बघितलं. खुर्ची डुगडुगत होती, खोके मऊ होते. आणि स्टेजच्या कोपऱ्यात पूजेचा चौरंग.

‘गुरुजी, उत्तरपूजा झाली ना?’

गुरुजींनी एकदा माझ्याकडे आणि एकदा चौरंगाकडे बघितलं. ‘झाली. पण परत द्या. संध्याकाळी वाईला सत्यनारायण आहे.’

टेबलावर चौरंग, चौरंगावर पाट, पाटावर प्रोजेक्टर. कीस्टोन परत शून्यावर. मग अंतर. प्रत्येक प्रोजेक्टरच्या माहितीत ‘थ्रो रेशो’ दिलेला असतो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. आमचा दीड होता. आठ फुटी चित्राला बारा फूट. मोजून टेबल मागे नेलं, झूमची कडी फिरवून चित्र पडद्याच्या कडांना लावलं, आणि सगळ्यात शेवटी फोकस. फोकस फोटोवर लावू नका, फसाल. जुने फोटो मुळातच मऊ असतात. मजकुराची स्लाइड लावा आणि एकाला पडद्याजवळ उभं करून विचारा. (प्रोजेक्टर जसा तापतो तसा फोकस किंचित सरकतोही. दहा-पंधरा मिनिटांनी परत बघा.)

आता फोटो सुरू केले तर नवीनच गंमत. सगळे उंच आणि सडपातळ! काका तर थेट मॉडेल. माझा लॅपटॉप लांबट, सोळा-नऊ मापाचा. प्रोजेक्टर जुन्या टीव्हीसारखा चार-तीन. आणि त्याच्या मेनूत कुणीतरी आधी ‘फुल’ करून ठेवलेलं. म्हणजे रुंद चित्र उभं ताणून पडदा भरायचा. ‘राहू दे गं असंच, छान दिसतोय की,’ आत्या म्हणाली. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मेनूत जाऊन अॅस्पेक्ट ‘ऑटो’ केलं. माणसं पुन्हा आपापल्या जाडीची झाली. मग वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, म्हणून लॅपटॉपचं रिझोल्यूशन आणि शोची स्लाइड साइज, दोन्ही चार-तीन केली. जुने फोटो तसेही उभे-चौकोनी. प्रोजेक्टरचे सगळे आरसे कामाला लागले आणि चित्र मोठं झालं. आजीसाठी मला नेमकं तेच हवं होतं.

दादाने आजीला विचारलं, ‘दिसतंय का?’

‘दिसतंय की. धुकं दिसतंय.’

इथे मी खरी हबकले. मेनूत ब्राइटनेस होता तेवढा वाढवला. धुकं अजून दाट! पंधरा मिनिटं मी चुकीच्या बटणाशी मारामारी करत होते. प्रोजेक्टरच्या मेनूतला ‘ब्राइटनेस’ दिव्याचा उजेड वाढवत नाही. तो काळ्याला वर उचलतो, म्हणजे काळं राखाडी होतं. पांढऱ्याची धार ‘कॉन्ट्रास्ट’कडे असते. आणि मुळात प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही हो! काळं म्हणजे जिथे प्रकाश पडला नाही तो पडदा. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या, मग पडद्यावर काळं येणार कुठून? आपल्याकडे हे कळणारे लोक सिनेमाच्याही आधीचे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर हलवून दाखवायचे, ‘शांबरिक खरोलिका’ नावाने. त्यांच्याकडे मेनू नव्हता. अंधार मात्र होता.

वायरमनने स्टेजवरच्या ट्यूब काढल्या. खिडक्यांना कापड कमी पडलं तिथे दादाने हॉलच्या सतरंज्या टांगल्या. ब्राइटनेस परत मध्यावर, कॉन्ट्रास्ट वर. ‘डायनॅमिक’ मोडमध्ये उजेड सर्वांत जास्त असतो, पण चेहरे हिरवट होतात, म्हणून तो नको. आणि तो शेवटचा फोटो मी तिथल्या तिथे बदलला. स्कॅनमध्ये त्याचा जुना पिवळेपणा मी हौसेने जपला होता. ‘व्हिंटेज’ लुक! आजीच्या डोळ्यांना तो पिवळेपणा म्हणजेच धुकं होतं. रंग काढून टाकला, निव्वळ काळा-पांढरा केला, काळं गडद, पांढरं लख्ख. डिझायनर मैत्रिणीने बघितला असता तर नाक मुरडलं असतं. मुरडू दे.

हॉलमध्ये अंधार झाला. नऊ मिनिटं कुणी उठलं नाही. काका विहिरीत उडी मारतानाच्या फोटोला शिट्ट्या पडल्या. आणि मग तो.

आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी. चेहरे परातीएवढे.

आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने आत्याचा हात सोडवून उठली, पायऱ्या चढून स्टेजवर गेली आणि पडद्याच्या इतकी जवळ, की तिची सावली आजोबांच्या गुडघ्यांवर पडली. ‘आजी, बाजूला हो, दिसत नाहीये,’ असं ओरडणाऱ्या धाकट्या भावाला कुणीतरी गप्प केलं. तिने बोट लावलं. आजोबांच्या गळ्यापाशी.

‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘ह्यांचं बटण उघडंच राहिलं होतं की!’

एकसष्ट वर्षांनी! आणि मग ती हसायला लागली, ती किती वेळ.

मी स्लाइड पुढे नेली नाही. पुढे काही नव्हतंच. लोक जेवायला गेल्यावरही तो फोटो अर्धा तास तसाच होता, आजी खुर्ची ओढून समोर बसलेली. शेवटी पॉवरचं बटण दाबलं. दिवा गेला, पंखा फिरत राहिला. तो थांबेपर्यंत प्लग काढायचा नसतो, दिवा गरम असतो. गुरुजी पिशवी घेऊन शेजारी उभे होते.

‘झालं का हो?’

‘दोन मिनिटं, गुरुजी. गार होतोय.’