तांबे, काच आणि दुभाष्या

संगणक एकमेकांना जोडण्याच्या ज्या पद्धतीला सगळे जग इथरनेट म्हणते, तिचे नाव अस्तित्वातच नसलेल्या एका पदार्थावरून पडले आहे. ध्वनीला जशी हवा लागते, तसे प्रकाशालाही वाहून न्यायला काहीतरी माध्यम लागत असणार, असे एकोणिसाव्या शतकातले पदार्थवैज्ञानिक मानत. त्या माध्यमाला ते ईथर म्हणत. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही आणि पुढे पदार्थविज्ञानाने ही कल्पनाच सोडून दिली. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी आपल्या नव्या जोडणीसाठी हा अडगळीतला शब्द उचलला. त्यांनी तेव्हा वापरली ती जाड तांब्याची केबल. पण उद्या माध्यम काहीही असू शकेल, ही मोकळीक त्या नावात होती. ती मोकळीक आज खरी ठरली आहे. इथरनेट तांब्यावरून जाते, तसेच काचेतून प्रकाशाच्या रूपानेही जाते. तांब्यावरून उतरून ते काचेत शिरते, त्या जागी बऱ्याचदा पत्त्यांच्या जोडाएवढी एक पेटी बसवलेली असते. तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात.

जुन्या मराठी नियतकालिकांचा मागोवा घेणारा माझ्यासारखा माणूस या पेटीपर्यंत पोहोचला, त्याला कारण आहे. मी ज्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करत बसतो, तिथे जुन्या अंकांचे स्कॅनिंग चालते. त्याची दुसरी प्रत रोज रात्री रस्त्यापलीकडच्या वाचनकक्षातल्या संगणकावर जाते. एका इमारतीत आग लागली किंवा छत गळले, तर दुसरीकडचे वाचावे, एवढाच हेतू. पेटीवरच्या तांदळाएवढ्या एका खटक्यापायी त्या ग्रंथालयाच्या हातून एका मासिकाची दोन वर्षे गेली. ती कशी, हे समजायला आधी पेटी समजून घ्यावी लागते.

दोन इमारतींमधले अंतर केबलच्या वाटेने २४० मीटर भरते. तांब्याच्या नेहमीच्या केबलवर इथरनेटची हमी १०० मीटरपर्यंतचीच असते. शिवाय दोन इमारतींना जोडणारी लांब तांब्याची तार म्हणजे विजेला आमंत्रण. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तरी अशा तारेत उसळणारा दाब दोन्ही टोकांची यंत्रे जाळू शकतो. काच वीज वाहत नाही. मात्र केबलच्या आवरणात पोलादी कवच असेल, तर ते वाहते. म्हणून दोन इमारतींमध्ये धातू नसलेली केबल घ्यावी, नाहीतर कवचाला नीट अर्थिंग द्यावे.

काचेच्या या कर्तबगारीचा इतिहास फार जुना नाही. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी हॅरोल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले, ते १९५४ साली प्रसिद्ध झाले. पण तेव्हाच्या काचेत थोड्याच अंतरात प्रकाश विझून जाई. दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, असे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट, हे त्यांनी ठेवलेले उद्दिष्ट. म्हणजे एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी पुरे. १९७० साली कॉर्निंग कंपनीने ते गाठले. आजच्या साध्या तंतूत १३१० नॅनोमीटर तरंगलांबीवर किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल घट होते, म्हणजे शंभरातले ब्याण्णव भाग शिल्लक राहतात. काव यांना या कामाबद्दल २००९ साली नोबेल मिळाले.

आता पेटीकडे. एका बाजूला तांब्याच्या केबलची नेहमीची चौकोनी खाच, दुसऱ्या बाजूला काचतंतूची. आत एक चिमुकला लेसर आणि प्रकाश टिपणारा एक डोळा. विजेचा ठोका आला की दिवा लावायचा, एवढे सोपे हे काम नाही. गिगाबिट वेगाला तांब्यावर तारांच्या चारही जोड्या एकाच वेळी बोलतात आणि प्रत्येकीवर विजेच्या पाच पातळ्या असतात. काचेत मात्र प्रकाश कमी किंवा जास्त, अशा दोनच अवस्था, पण सेकंदाला सव्वाशे कोटी ठोके. पेटी एका लिपीतला मजकूर उलगडते आणि दुसऱ्या लिपीत लिहिते. म्हणून मी तिला दुभाष्या म्हणतो. मजकुराशी तिला देणेघेणे नसते. साध्या प्रकारच्या पेटीला जाळ्यात स्वतःचा पत्ताही नसतो. त्यामुळे ती बिघडली, तर दूर बसून तिची विचारपूस करता येत नाही.

दुभाषे नेहमी जोडीने घ्यावे लागतात. जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक असे दोन तंतू असतील, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानात जाईल अशी उलटसुलट जोडणी करायची. एकाच तंतूवर काम भागवायचे असेल, तर एक पेटी १३१० वर बोलते आणि १५५० वर ऐकते, दुसरी नेमके उलटे. दुकानात त्यांना ए आणि बी म्हणतात. दोन ए आणले तर दोघेही बोलत राहतात, ऐकत कोणीच नाही. तंतूच्या टोकाच्या निळ्या आणि हिरव्या जोडण्याही एकमेकींत घालू नयेत. हिरवीचे टोक आठ अंशांनी तिरके घासलेले असते आणि निळीला ते नीट भिडत नाही.

ज्या गाभ्यातून प्रकाश जातो, तो जेमतेम ९ मायक्रॉन जाडीचा, केसाच्या सात-आठ पट बारीक. धुळीचा एक कण त्याला झाकून टाकतो. म्हणून टोपण काढल्यावर टोक दर वेळी खास कापडाने पुसूनच आत घालायचे. तंतूत डोळा लावून पाहायचे नाही. हा प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

मग हिशेब. आमच्या पेटीच्या माहितीपत्रकाप्रमाणे ती किमान उणे ९ डीबीएम एवढा प्रकाश पाठवते आणि उणे २० पर्यंत ऐकू शकते. हाताशी ११ डेसिबल. २४० मीटर काचेत जाते ०.१ हूनही कमी. खरा खर्च जोडण्यांचा. दोन जोडण्यांना प्रत्येकी अर्धा आणि दोन सांध्यांना प्रत्येकी ०.१ धरला, तरी सगळे मिळून दीडच्या आतच. शिल्लक भरपूर. पण म्हणून जास्त दमाची, ८० किलोमीटरची पेटी आणणे शहाणपणाचे नव्हे. जवळून आलेल्या तेवढ्या झोताने पलीकडचा डोळा दिपतो.

उरते पेटीच्या कडेची पांढऱ्या खटक्यांची छोटी पट्टी. पेटीची सगळी मांडणी एवढीच. काही खटके वेगासाठी असतात. वेग आणि पद्धत आपसांत ठरवण्याची मुभा दोन्ही टोकांना ठेवावी, हे उत्तम. १०० मेगाबिटच्या जुन्या उपकरणाशी जोडताना एका बाजूने ‘एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे’ असे ठामपणे ठरवले आणि दुसरी बाजू वाटाघाटीची वाट पाहत राहिली, तर ती दुसरी ‘आळीपाळीने’ असे गृहीत धरते. दिवे लागतात, छोटे निरोप पोहोचतात, पण मोठी स्कॅन पाठवू लागताच सगळे रांगू लागते.

सर्वांत महत्त्वाचा खटका एलएफपी या तीन अक्षरांचा. तो बंद असेल, तर काच तुटली तरी पेटी तांब्याच्या बाजूचा आपला दिवा चालूच ठेवते. तिच्या दृष्टीने त्यात खोटे काही नाही. तिच्यापासून संगणकापर्यंतची तार शाबूतच असते. तो चालू असेल, तर काचेतला प्रकाश थांबताच ती तांब्याची बाजूही सोडून देते आणि जोडणी तुटल्याचे संगणकाला तत्काळ कळते. एका टोकाची तांब्याची तार निघाली, तर तिथला लेसर विझतो आणि दुसऱ्या टोकालाही ती बातमी जाते. चांगला दुभाष्या बोललेले सांगतोच, पण समोरचा गप्प झाला आहे, हेही सांगतो.

ग्रंथालयातली जोडी ज्याने बसवली, त्याने हा खटका बंदच ठेवला होता. रस्त्याच्या कडेला नळासाठी खणताना केबल तुटली. दोन्ही संगणकांवर जोडणीची खूण तशीच राहिली. प्रत गेली नाही, याची नोंद दर रात्री एका फाइलीत होत होती, पण ती फाइल कोणी उघडत नसे. दिवा चालू असला की ठीक, असे सेवकांना सांगून ठेवलेले होते. अकरा रात्री गेल्या आणि मुख्य संगणकाची डिस्क बसली. त्या दिवसांत एका कुटुंबाने दिलेले मासिकाचे बांधीव खंड स्कॅन होऊन परत गेले होते. ते पुन्हा मागायला आम्ही गेलो, तोवर घर आवरताना दोन वर्षांचे खंड रद्दीत गेले होते. आमच्या माहितीतल्या कोणत्याही ग्रंथालयात ती वर्षे नाहीत.

त्यानंतर माहितीपत्रक घेऊन मी त्या पेट्यांपाशी बसलो. खटका चालू केला आणि दोन्ही पेट्यांची वीज काढून पुन्हा दिली, कारण बऱ्याच पेट्या खटक्यांची स्थिती सुरू होतानाच वाचतात. काचेतून वीज जात नसल्याने दोन्ही टोकांना स्वतंत्र यूपीएस लावला; पेटीच्या अॅडॅप्टरमधून शिरणारा विजेचा दाबही त्यानेच थोडाफार अडतो. मग जी चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, ती केली. वाचनकक्षातली तांब्याची तार उपसली आणि स्कॅनच्या खोलीतल्या सेवकाला हाक मारून विचारले, दिवा गेला का. गेला, म्हणाला. आता दर महिन्याच्या एक तारखेला ती तार उपसली जाते, दिवा पाहिला जातो आणि रात्रीच्या नोंदींची फाइल उघडली जाते. तिन्हींची सही वाचनकक्षाच्या हजेरीपटात होते.